नाव घालायचं राहिलं

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. नोकरीची बरीचशी वर्षं कळंब्याच्या आसपासच्या गावांत गेली. त्या सगळ्या काळात पहिलीच्या पोराचं नाव घालायला आई-बाप दोघं मिळून आलेले मला फार थोडे आठवतात. जूनमध्ये पेरणीची घाई असायची. बाप औतावर, आई बियाणं घेऊन मागं. शाळेत यायची ती थोरली बहीण. स्वतः तिसरी-चौथीत, बोटाला धाकटं, त्याचं तोंड धुऊन केसांना तेल लावून आणलेलं. "बाई, ह्याचं नाव घालायला आलोय." वय विचारलं की सांगायची, "बेंदराच्या आदल्या दिवशी झालाय." कुठल्या सालचा बेंदूर, ते तिला माहीत नसायचं आणि घरीही कुणी लिहून ठेवलेलं नसायचं. माझ्या आधीच्या पिढीतले गुरुजी मग पोराला डोक्यावरून हात न्यायला सांगत. उजव्या हाताची बोटं डाव्या कानाला लागली की पोरगं शाळेच्या वयाचं झालं.

वय ठरलं की जन्मतारीख लिहायची, अंकी आणि अक्षरी. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा पुरी झालेली वर्षं मोजायची तीही जूनपर्यंत. म्हणून गुरुजी लिहायचे, १ जून. त्या एका तारखेनं पोरगं नियमात बसायचं आणि पुढचं वर्ष वाया जायचं नाही. महाराष्ट्रातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं उघडली तर पानंच्या पानं १ जूनची सापडतात. त्याचा परिणाम आजही दिसतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर ३१ मेला आपल्याकडच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून एकदम पुष्कळ माणसं निरोपाचा नारळ घेऊन बाहेर पडतात. त्यातली कित्येक प्रत्यक्षात श्रावणात नाहीतर थंडीत जन्मलेली असतात.

या १ जूनची पुष्कळांनी टिंगल केली आहे. मला ती कधी पटली नाही. कुणाचं नोकरीचं वर्ष गेलं, कुणाचा परीक्षेच्या वयाच्या अटीत घोटाळा झाला, हे खरं. पण ज्या गुरुजीनं ती तारीख लिहिली त्याच्यासमोर दाखला नव्हता, पोरगं होतं. आणि त्याला परत पाठवलं तर पुढच्या जूनला ते गुरांमागं गेलेलं असेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुदत आणि मूल यांत त्यानं मूल निवडलं. एका घरात तर मी थोरल्याची आणि धाकट्याची जन्मतारीख सहा महिन्यांच्या अंतरानं लिहिलेली पाहिली आहे. थोरलीच्या आग्रहानं दोघं भाऊ एकाच वर्षी शाळेत घेतले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेत नाव घालायची तारीख असते, ही कल्पनाच आपल्याकडे तशी नवी. पंतोजींच्या शाळेत पट नव्हता, वार्षिक परीक्षा नव्हती, एका इयत्तेतून दुसरीत जाणं नव्हतं. मूल आलं की धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायला बसायचं. मोबदला धान्यात, नाहीतर थोड्या पैशात. सुरुवात मुहूर्तावर, बहुधा दसऱ्याला, पाटीवर सरस्वती काढून. ते पाटीपूजन अजून आपल्या शाळांत होतं. पण त्या शाळेत यायची मुभा होती कुणाला? पांढरपेशा घरांतल्या मुलांना, वाण्या-सावकारांच्या मुलांना. कुणब्याचं पोर क्वचित, अस्पृश्याचं नाहीच, मुलीही जवळजवळ नाहीत. तारीख कुणाला आडवी येत नव्हती, जात येत होती. म्हणून पटावर नाव, जन्मतारीख आणि दाखला आला, तो मी चांगलाच मानते. ज्याचं नाव लिहिलं त्याला नाकारणं अवघड होतं. आज जातपडताळणीसाठी आणि कुणबी नोंदींसाठी लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची प्रवेश-निर्गमाची रजिस्टरं धुंडाळतात, ती त्याच लिहिण्यामुळे हाताशी आहेत.

१८८२ साल या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सारा जमतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, असं सांगून त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात एक पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला, गोपाळ कृष्ण गोखले. आमचा कळंबा तलाव १८८३ चा. म्हणजे शहराला पाणी देणारा हा तलाव बांधला जात होता त्या सुमाराला गोखले कोल्हापुरात शिकत होते.

गोखल्यांचे वडील कागलला नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले. घरात मिळवतं कुणी उरलं नाही. थोरले बंधू गोविंदराव स्वतः विद्यार्थीच होते. त्यांनी शिक्षण सोडलं आणि कागलला पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले सात घरखर्चाला ठेवून आठ रुपये ते दरमहा गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत. गोखल्यांच्या चरित्रात ही गोष्ट सगळे सांगतात, पण दोन-चार ओळींत सांगून पुढं जातात. माझं मन तिथं थांबतं. गोविंदरावांचं स्वतःचं शिक्षण किती पुढं गेलं असतं? त्याची नोंद कोण करणार? प्रत्येक गावात असा एक थोरला नाहीतर थोरली असते. धाकट्याचं नाव पटावर राहावं म्हणून त्याचं नाहीतर तिचं स्वतःचं कमी होतं.

त्या धाकट्यानं मात्र थोरल्याचं ऋण देशभर फेडायचा प्रयत्न केला, असं मला वाटतं. १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी फार मोठी नव्हती. ज्या नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना जमेल त्यांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करावं, एवढीच. १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. खर्च कोण करणार, शेतीला मजूर कुठून मिळणार, असे आक्षेप होते. विरोध फक्त इंग्रजांचा नव्हता, आपल्यातल्या जमीनदारांचाही होता. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतं आणि १९०६ पर्यंत ते सगळ्या संस्थानात नेलं होतं. म्हणजे जमत नाही, हे म्हणणं खोटं ठरलेलं होतं.

मग १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते केलं. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. सात ते चौदा वयाची मुलं कायद्याच्या कक्षेत आणली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया ही मजुराच्या अनेक दिवसांची कमाई. हा दंड अनेकांना कठोर वाटतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. मुलांच्या याद्या करणं राज्याचं काम. शाळा काढणं राज्याचं काम. मूल आलं नाही तर घरी जाऊन विचारणंही राज्याचंच काम. कुळवाड्यानं तारीख शोधत कचेरीच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. पाठोपाठ १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहू लागली होती. खेड्यातून चालत आलेल्या पोराला 'आता जागा नाही, पुढच्या साली ये' असं सांगितलं की ते परत येत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले आणि कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून पुढं मुलं गोळा करत गावोगाव हिंडले, तेही याच मुशीतले.

थोरल्या बहिणीकडे मात्र कायद्याचं लक्ष फार उशिरा गेलं. सात वर्षांची मुलगी शाळेत पाठवा, हे ठीक. पण तिच्या कडेवर जे मूल आहे त्याचं काय? यावर मनापासून विचार केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना लागून ठेवली. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायच्या म्हणून शाळेत येत नाहीत. तर धाकट्यांसकट या. आणि जी मुलं गुरं राखतात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा. १९७५ नंतर अंगणवाड्या आल्या त्यामागं हाच अनुभव होता. माझ्या पहिल्या शाळेत अंगणवाडी नव्हती तेव्हा माझ्या वर्गात नाव नसलेली चार-पाच पोरं नेहमी बसलेली असत, बहिणींच्या मांडीला टेकून. तपासणीला साहेब आले की ती बाहेर व्हरांड्यात. त्यांना मी कधी उठवलं नाही. थोरल्या मुलीची हजेरी त्या धाकट्यामुळे टिकत होती. आणि जून आला की ते पोरगं आधीपासूनच शाळेचं झालेलं असे, नुसती शाईनं नोंद करायची बाकी.

ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांची मुलं आणखी वेगळी. ती दिवाळीच्या आगेमागे येतात, बीडकडून, मराठवाड्यातून, आणि कारखान्याचा पट्टा पडला की जातात. त्यांना जून कळंब्यातही नाही आणि गावातही पुरता नाही. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. फडावर गेलं की खोपीपाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला झोळीत घालून झोका देताना दिसायची, आणि "शाळेत येतीस का" विचारलं की मान खाली. त्यांच्यासाठी शाळेचं दार नोव्हेंबरातही उघडं पाहिजे. त्याशिवाय 'सार्वत्रिक शिक्षण' या शब्दाला अर्थ नाही.

आता कळंबा पार बदललं. उसाच्या रानात कॉलन्या उभ्या राहिल्या, आयटीआयपासून जेलच्या पुढंपर्यंत दुकानांची रांग लागली, गाव आणि शहर यांच्यातली हद्द फक्त कागदावर उरली. इथून हाकेच्या अंतरावर जरगनगर. तिथल्या महापालिकेच्या विद्यामंदिरात पहिलीचे प्रवेश गुढीपाडव्याला होतात, आणि त्यासाठी आदल्या रात्रीपासून पालक शाळेबाहेर रांग धरतात. मराठी माध्यमाची, महापालिकेची शाळा! मला त्याचा अभिमान आहे. त्या शाळेच्या शिक्षकांनी हे नाव कष्टानं मिळवलंय. मराठी शाळा चालत नाहीत म्हणणाऱ्यांनी पाडव्याच्या आदल्या रात्री तिथं यावं. पण त्याच पाडव्याला जिल्हा परिषदेचे शिक्षक 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत घरोघरी फिरतात, एकेका मुलासाठी. एकीकडे रांगेत उभं राहता आलं नाही म्हणून मूल राहतं, दुसरीकडे मूल नाही म्हणून वर्ग रिकामा. रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे चारला भाजीला जाणारी बाई, यांच्यासाठी त्या रांगेत कोण उभं राहणार? अशा घरातून बहुतेक वेळा थोरला भाऊच येतो, चादर घेऊन.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यानुसार खासगी शाळांमधल्या पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांसाठी. हे शाहू महाराजांच्या वाटेवरचं पाऊल होतं, यात मला शंका नाही. पण इथं यादी राज्य करत नाही. अर्ज ऑनलाइन, कागद आपले आपण जमवायचे, तारीख आपली आपण ओळखायची. आणि ती तारीख जागेवर राहत नाही. २०२४ मध्ये काय झालं पाहा. फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायला नकोत. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, अर्ज नव्यानं मागवले गेले, आणि १९ जुलैला न्यायालयानं तो बदल रद्दच केला. निकाल योग्य होता. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पुढच्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, अर्ज १४ जानेवारीलाच सुरू झाले. मुदत २७ जानेवारी, ती वाढवून २ फेब्रुवारी. शाळा सुरू व्हायच्या आत सगळं उरकावं हा हेतू चांगलाच. पण एका वर्षी मे, दुसऱ्या वर्षी जानेवारी.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं याचा फटका सोसला. बाप बोअरच्या गाडीवर, महिना महिना कर्नाटकात. आई कॉलनीतल्या चार घरी कामाला. मुलगी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला, दुपारनंतर मोबाइलच्या दुकानात. धाकट्याचं शाळेचं सगळं तिच्याकडेच. मार्चमध्ये ती माझ्याकडे आली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद नीट लावलेले. उत्पन्नाचा दाखला काढलेला, रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला. "बाई, गेल्या साली शेजारच्यांनी मेमध्ये भरलेला की. मी आधीच तयारी करून ठेवलोय." तिनं हयगय केली नव्हती. उलट दोन महिने आधी तयार होती. मुदत फेब्रुवारीतच संपली, हे मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसली. मग विचारलं, "मग आता त्याचं वर्ष गेलं?"

वर्ष गेलं नाही. तिला वाटत होतं तसं ते जातच नाही, आणि हेच लोकांना माहीत नाही. जूनमध्ये तिनं त्याचं नाव आमच्या जिल्हा परिषदेच्या विद्या मंदिरात घातलं. त्याला आता वाचता येतं. खासगी शाळेतली ती एक जागा गेली, त्याचं मला वाईट वाटतं. सोडतीत लागलीच असती असंही नाही, पण चिठ्ठीत नाव तरी पडायला हवं होतं. ज्या संस्थानानं शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या याद्या घेऊन दाराशी जायचं ठरवलं, त्या मुलखात आज एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं फोनवर तारीख शोधत राहायची आणि ती चुकली तर आयुष्यभर मनाला लावून घ्यायचं, हे मला मान्य नाही. पोलिओच्या डोससाठी आपण प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूची खूण करत गेलो. आशाताईंकडे, अंगणवाडीताईंकडे गावातल्या प्रत्येक पाच वर्षांच्या मुलाचं नाव लिहिलेलं आहे. ती यादी शाळेकडे आणि शाळेची तारीख त्या यादीतल्या घरी जाणं, यासाठी नवा पैसा लागत नाही.

म्हणून कळंब्यातल्या आणि इतर गावांतल्या वाचकांना काही सांगायचं आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला सहा वर्षांचं मूल असेल तर पंचवीस टक्क्यांच्या अर्जाची चौकशी डिसेंबरपासूनच तिच्यासाठी तुम्ही करा. वर्तमानपत्र तुमच्या घरी येतं. ग्रामपंचायतींनी तारीख फलकावर लिहावी आणि घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगावी. घरात बाळ झालं तर एकवीस दिवसांत नोंद करा, ती विनामूल्य होते; १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखलाच मुख्य कागद असणार आहे, आणि ती मुलं २०२९ मध्ये पहिलीच्या दारात येतील. आणि मुदत चुकलीच असेल, जुलै गेला असेल, गणपती गेले असतील, तरी धाकट्याला घरी बसवू नका. जवळच्या सरकारी शाळेत घेऊन जा. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ सांगतं की मुदत आणि वाढीव मुदत दोन्ही संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येणार नाही.